घरचा वाफा

आमच्या बाजारात कुणालाही खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. मी कांदेवाली, कारण मी कांदे-बटाटे विकते. माझ्या शेजारी बसणारी मात्र काय विकते यावरून नाही, काय वेचते यावरून ओळखली जायची. तिला सगळे अळीताई म्हणायचे. माठ, तांदळजा, चुका, पालक असा पाला ती स्वतः पिकवायची आणि गोणपाट अंथरून विकायची. नवं गिऱ्हाईक जुडी उचलून नाक मुरडायचं, "अहो, याला भोकं आहेत!" ही शांतपणे म्हणायची, "हो, आधी अळीने खाल्लंय. तिला काही झालं नाही, तुम्हालाही होणार नाही." अर्धे हसून घ्यायचे, अर्धे पुढे जायचे. पुढे जाणाऱ्यांना मी हाका मारायची, त्यामुळे माझं काही अडत नव्हतं.

तिचं हे भोकांचं वेड कुठून आलं ते मी तिला एकदा विचारलं होतं. लग्नाआधी ती एका मोठ्या भाजीमळ्यात मजुरीला जायची. तिथे बाजारात जाणाऱ्या पालकावर दर आठवड्याला फवारणी व्हायची. पण मालकाच्या स्वयंपाकघरामागे एक छोटा वाफा होता, त्यावर थेंबही मारत नसत. त्यातली पानं चाळणीसारखी. एकदा हिने चुकून त्यातली भाजी खुडून बाजाराच्या टोपलीत टाकली, तर मालकीण ओरडत आली, "अगं, तो घरचा वाफा आहे! विकायचं तिकडचं." आणि संध्याकाळी मजुरांना जी उरलीसुरली भाजी फुकट मिळायची ती कुठली, हे हिच्या तेव्हा लक्षात आलं. ती भाजी ती रोज आपल्या आईला नेऊन द्यायची.

"तेव्हाच ठरवलं," ती मला म्हणाली, "माझी जमीन होईल तेव्हा तिथे दोन वाफे नसतील. जे मी खाईन तेच विकीन."

जमीन झाली ती नवऱ्याकडून. नाल्यापलीकडे एक पट्टा, त्यावर दोन खोल्या आणि एक विहीर. मी दुपारची तिथे जाऊन बसायची, सावली चांगली म्हणून. तिची पद्धत बघून मला आधी हसू यायचं. बांधावर तिने एरंड लावले होते. विकायला नाहीत, अळ्यांना जेवायला. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला आधी एरंडाचं रुंद पान शोधतो, मग माठाकडे वळतो. त्यामुळे रोज एरंड तपासायचा, अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तोडायचं, अळ्या डब्यातल्या साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. देठांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला तर राख भुरभुरायची, फारच झालं तर लसूण-मिरचीचा काढा. मधूनमधून झेंडू. काठ्या रोवलेल्या, त्यावर पक्षी बसून आयतं जेवायचे.

पण सगळ्यात विचित्र म्हणजे तिचं मडकं. काही अळ्यांच्या अंगावर कापसासारखे पांढरे बारीक कोष असतात. त्या अळ्या ती मारायची नाही, मडक्यात ठेवायची आणि तोंडाला जाळीचं कापड बांधायची. ते कोष म्हणे एका चिमुकल्या माशीचे. ती माशी अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खातात आणि माश्या होऊन जाळीतून बाहेर पडतात. अळी मात्र आतच राहते. "हे माझे गडी," ती म्हणायची, "मजुरी मागत नाहीत." मी म्हटलं, "तुझ्या घरात एक गडी आहेच की, तोही काम करत नाही म्हणून मजुरी मागत नाही." ती हसली. तेव्हा हसायची ती.

तो गडी म्हणजे तिचा नवरा. बाजारात त्याला सरकार म्हणायचे, कारण त्याचं सगळं उद्यावर ढकललेलं असायचं. पण माणूस लाघवी. बोलायला लागला की ऐकत राहावं, आणि बायकोचं कौतुक तर असं करायचा की आम्हा बाकीच्या बायकांना आपापल्या नवऱ्यांचा राग यायचा. "ही आहे म्हणून जमीन जिवंत आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा. खोटं नव्हतंच ते. काम मात्र त्याच्याकडे एकच होतं. ती सकाळी भाजी घेऊन बाजारात आली की मागे त्याने एरंड आणि खालचे वाफे तपासायचे, अळ्या वेचायच्या आणि ती परतल्यावर डबा दाखवायचा. वाकून वाकून तिची कंबर गेली होती, म्हणून एवढा वाटा त्याने उचलला होता.

मग एका हंगामात तिची भाजी बदलली. भोकं कमी होत होत नाहीशीच झाली. पानं अशी तकतकीत की लोक वाकून बघायला लागले. अळीताई हरखून गेली. "बस्तान बसलं बघ," ती मला म्हणाली. "इतकी वर्षं लागली, पण आता किडे आपापसातच निस्तरतात. एरंडावरसुद्धा अळी दिसत नाही." मला आठवतं, हीच बाई मला शिकवायची की पाल्याला चार भोकं असावीत, नसली तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं. पण स्वतःच्या पोराचा पहिला नंबर आला की कोण पेपर तपासायला जातं? सकाळची कोळ्यांची जाळी वाफ्यांवरून गेली, तर तिने वाऱ्याला बोल लावला. पांढऱ्या कोषाची अळी मिळेना, मडकं रिकामं पडलं, तर म्हणाली अळ्याच नाहीत तर कोष कुठून असणार. कधी वास आला तर सरकार म्हणायचा, "लसणाचा काढा मारला थोडा." आणि संध्याकाळी डब्यात पाच-सहा अळ्या असायच्याच, साबणात भिजून काळ्या पडलेल्या, ओळखू न येणाऱ्या.

त्या तकतकीत पानांना बघूनच पाळणाघरवाली आली. बाजारामागच्या गल्लीत ती तान्ह्या मुलांचं पाळणाघर चालवायची. नोकरीला जाणाऱ्या आया सकाळी मुलं सोडून जायच्या. बाई बोलायला मोजकी, पण चौकशी बारकाईची. "मुलांना पाला उकडून, कुस्करून द्यायचा आहे," ती म्हणाली. "औषध मारलेलं मला चालणार नाही. आयांना मी तसं सांगितलंय." अळीताईने जुडीतलं एक पान तोडलं, तिथल्या तिथे चावून खाल्लं आणि म्हणाली, "बिनधास्त द्या. माझ्या शब्दावर द्या." तेव्हापासून पाळणाघरवाली रोज यायची. अळीताई तिच्यासाठी कोवळा पाला वेगळा काढून ठेवायची आणि दुसऱ्या कुणी मागितला तर देत नसे.

एका सकाळी अळीताई बाजारात आली ती हातात तो डबा घेऊन. भाजी उतरवली नाही, गोणपाट अंथरलं नाही. डबा माझ्यापुढे धरला. आत पाणी नव्हतं. घरातला साबण संपला होता, तिनेच आदल्या दिवशी शेवटची वडी कपड्यांना लावली होती. त्यामुळे सरकारने अळ्या कोरड्याच आणल्या होत्या, आणि त्या जिवंत होत्या. बारीक, हिरव्या, बोट लावलं की अंग झटकत मागे सरकणाऱ्या.

"बघ," ती म्हणाली. तिने एक माठाचं पान घेतलं आणि त्यावर एक अळी ठेवली. अळी पानाच्या कडेपर्यंत गेली आणि धागा सोडून खाली लटकली. दुसरी ठेवली. तीही लटकली. मी हसले, "तुझ्या अळ्यांनी उपास धरला वाटतं." ती हसली नाही. समोरच्या ओळीत कोबीवाला बसायचा, ज्याची जमीन हिच्या बांधाला लागून आहे. ती त्याच्याकडे गेली, कोबीचं बाहेरचं पान तोडलं आणि त्याच्याच पाटीवर ठेवून अळी त्यावर सोडली. अळी थांबली, मान हलवली आणि खायला लागली.

कोबीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. हिने त्याला एक शब्द विचारला नव्हता. तरी तोच बोलला, "ताई, शपथ सांगतो, मी फक्त फवारणीचा पंप दिला. आणि अळ्या त्यांनी मागितल्या म्हणून वेचू दिल्या. माझं तेवढंच कोबीचं काम झालं. मला वाटलं, तुमचं ठरलंय दोघांचं."

"कधीपासून?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

ती परत माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "भाजी बघशील?" आणि लगेच, "नको. विकू नकोस. एक जुडीसुद्धा देऊ नकोस कुणाला." मी माझं दुकान ओळीत पुढे बसणाऱ्या माझ्या जावेच्या गळ्यात टाकलं आणि तिच्या मागे निघाले. तिला एकटीला सोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सरकारला चार शब्द सुनावायचे होते. बायको अळ्या ओळखते, आणि हा तिला परक्या पिकाच्या अळ्या दाखवतो! चोरीसुद्धा धड करायचा कंटाळा!

तो विहिरीजवळ सावलीत आडवा होता. आम्हा दोघींना आणि डब्याला बघितलं आणि उठून बसला. लाघवी माणूस, आधी हसलाच.

"अहो," ती म्हणाली, "या कोबीवरच्या अळ्या आहेत."

"असतील. उडून आल्या असतील."

"अळ्या उडत नाहीत."

मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं, म्हणजे सांगितलं कमी आणि सारवासारव जास्त. तिची कंबर बघवत नव्हती म्हणे. अळ्या वेचून संपतच नव्हत्या. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की थोडंसंच मारायचं, दोन दिवसांत उतरतं. अळीताई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माझी कंबर रोज दिसत होती तुम्हाला. तेव्हा एक टोपली उचलून दिली नाहीत कधी."

हे त्याला झोंबलं. "आणि भाजी कुणामुळे खपायला लागली गं? भोकांची भाजी कोण घेत होतं? बस्तान बसलं, बस्तान बसलं म्हणून सगळीकडे सांगत फिरलीस, ते बस्तान मी बसवलं. कुणी मेलं का खाऊन? औषधाने काही होत नाही, सगळं जग मारतं."

हंगामभर ती ज्या गोष्टीने फुलली होती ती तिची नव्हतीच, हे तिला तिच्याच दारात, तिच्याच माणसाने, वर तोंड करून सांगितलं होतं. कुंपणच शेत खातं असं आपण सहज म्हणून जातो. मी त्या दिवशी ते खाताना पाहिलं, आणि वर ढेकरही ऐकली.

ती वाफे बघत निघाली. एकेक पान उलटून बघत होती. माठ स्वच्छ, पालक स्वच्छ, एरंड स्वच्छ. ना ढालकिडा, ना कोळी, ना मुंगी. चालत चालत ती विहिरीच्या मागे गेली, जिथे सांडपाणी जातं. कंबरेमुळे ती तिकडे सहसा जात नसे, उतार आहे. तिथे ती थांबली आणि मी तिच्या मागून डोकावले.

तिथे चटईएवढा एक वाफा होता. तांदळजा आणि थोडा चुका. पानं चाळणीसारखी. देठांवर मावा, मावा खाणारे लाल ठिपक्यांचे ढालकिडे, एका पानाखाली पांढऱ्या कोषांची अळी. आणि विळ्याने ताजी कापलेली भाजी, आदल्या संध्याकाळची.

घरी भाजी रोज तोच आणायचा. "तू दमून येतेस, मी कापून ठेवतो," असं म्हणून.

अळीताई मागे वळली. तो तिथे येऊन उभा होता. काही होत नाही म्हणणारा माणूस. तिने विचारलं, "हे कशाला?" सगळ्या जगाला उत्तरं देणारा माणूस, तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

"मला वाचवत होतात," ती म्हणाली. "मला आणि स्वतःला. आणि मुलांना मी ते औषधाचं घातलं."

मग ती तिथेच उतारावर बसली आणि रडली. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. मला तिचं सांत्वन करता आलं नाही. मलाच इतका राग आला होता की मी सरकारला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने बाजारात आली. मी सांगितलं होतं, कशाला येतेस, चार दिवस घरी बस, लोक विसरतात. सगळी ओळ तेच म्हणत होती. आणि खरी गोष्ट म्हणजे माझ्याखेरीज सगळ्या ओळीला माहीतही होतं. कोबीवाल्याला, पंप दुरुस्त करणाऱ्याला, औषधाच्या दुकानदाराच्या मेव्हण्याला जो आमच्याकडे लिंबं विकतो. सगळे मूग गिळून बसले होते. प्रत्येकाचं स्वतःचंही काहीतरी झाकायचं होतंच. तिने कुणालाच दोष दिला नाही. रिकामं गोणपाट अंथरलं आणि त्यावर बसली. जे गिऱ्हाईक येईल त्याला सांगायची, "या हंगामाच्या माझ्या भाजीवर औषध होतं. मला माहीत नव्हतं. पण होतं." काही म्हणाले, असू द्या हो, कुठे नसतं. काहींनी शिव्या दिल्या. एकजण तर म्हणाला, "म्हणजे ती छान भाजी आता मिळणार नाही का?"

पाळणाघरवाली नेहमीच्या वेळेला पिशवी घेऊन आली. अळीताई तिच्यासाठी उठून उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव न घेता, "आमच्याकडून" असं म्हणून. पाळणाघरवाली ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुमच्या शब्दावर आयांना शब्द दिला होता," ती म्हणाली. "आता मी काय सांगू त्यांना?"

"खरं सांगा. माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून माझं काय होणार?" ती म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी घालून निघून गेली. नंतर कळलं, दोन-तीन आयांनी मुलं काढून घेतली.

पुढचा काळ वाईट गेला. अळीताईने उभं पीक उपटून खड्ड्यात पुरलं. नवं पेरलं तर मावा असा चढला की देठ दिसेना, कारण त्याला खाणारे सगळे मेले होते. कोबीवाला पंप घेऊन बांधावर आला, चूक भरून काढायला म्हणे, आणि मी त्याला आल्या पावली परत पाठवला. ती राख टाकत राहिली, एरंड पुन्हा लावले, त्या विहिरीमागच्या वाफ्यातले ढालकिडे पानासकट उचलून वरच्या वाफ्यांवर सोडत राहिली. तिचं दुर्दैव बघा, ज्या वाफ्याने तिचं काळीज फाडलं त्याच वाफ्यातून तिला बियाण्यासारखे किडे घ्यावे लागले. भाजी हळूहळू परत आली, भोकांसकट.

आणि सरकार बदलला. हे मला मान्य करायला जड जातं, पण बदलला. पहाटे उठायला लागला, अळ्या वेचायला लागला, टोपली डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर बाजारात यायला लागला. गोणपाटाच्या मागे बसून जुड्या बांधायचा. बोलणं कमी झालं, विनोद तर थांबलेच. ती त्याच्याशी भांडत नव्हती. जेवायला वाढायची, दुखलंखुपलं बघायची. बाहेरच्याला वाटावं सगळं मिटलं. मलाही वाटलं होतं.

मग एक दिवस पाळणाघरवाली परत आली. बऱ्याच दिवसांनी. गोणपाटासमोर उकिडवी बसली, एकेक जुडी उचलून पानं बघितली, भोकांमधून बोट घातलं. "मी चौकशी केली," ती म्हणाली. "सगळे सांगतात की तुम्ही आता काहीच मारत नाही. आणि तुम्ही त्या दिवशी स्वतःहून सांगितलंत, दुसरं कुणी सांगितलं नसतं. मला पुन्हा रोज भाजी द्याल?"

माझा जीव भांड्यात पडला. मी अळीताईला कोपराने ढोसलं. मागे सरकारचे हात थांबले होते. तो वर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी आशा होती. त्याला वाटलं असणार, आता फिटलं.

अळीताईने तिच्या हातातली जुडी हळूच काढून घेतली आणि परत ढिगात ठेवली.

"नाही देता येणार," ती म्हणाली. "मी मारत नाही. पण आमच्या घरात दोन माणसं आहेत, आणि मी हमी एकाचीच देऊ शकते."

पाळणाघरवालीने मागे बसलेल्या माणसाकडे एकदा बघितलं आणि उठली. सरकारने मान खाली घातली आणि पुढची जुडी बांधायला घेतली.